मोठा टॅरंटुला पाळायचाय? सातारा-सांगलीच्या हवेत कोणता टिकेल ते आधी बघा

बशीएवढा कोळी बघितला की तोंडातून पहिला प्रश्न येतो, "हा किती मोठा होतो?" विकणाऱ्याकडे त्याचं उत्तर तयारच असतं. निवड तिथून सुरू झाली की बहुतेक वेळा गोलायथ बर्डईटर नावाचा भलामोठा टॅरंटुला घरी येतो आणि सांगलीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात कात टाकताना अडकून मरतो. मोठा कोळी निवडताना आकार हा शेवटचा प्रश्न. त्याआधी दोन प्रश्न आहेत: तुमच्या खोलीत माती किती दिवस ओली राहते, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं हा डबा कोण सांभाळणार?

मापाचं एक आधीच सांगितलेलं बरं. टॅरंटुलाचं माप म्हणजे पायपसारा. एका बाजूच्या पहिल्या पायाच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या चौथ्या पायाच्या टोकापर्यंत, तिरकं. जाहिरातीतलं माप पुष्कळदा टाकलेल्या कातीचं असतं, आणि ओली कात ताणली की एक-दोन सेंटिमीटर सहज वाढते.

आधी खोली मोजा, मग कोळी

दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना हवा झपाट्याने बदलते. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात जुलैत भिंतीला बुरशी येते. माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये त्याच महिन्यात माती भुरभुरते. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो. म्हणून 'महाराष्ट्रात हा कोळी चालतो' या सल्ल्याला काही अर्थ नाही.

चाचणी सोपी आहे. एका डब्यात १५ सेंमी उंचीपर्यंत ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून भरा आणि जिथे कोळी ठेवायचा त्याच जागी, झाकण अर्धं उघडं ठेवून, आठ दिवस सोडा. शेजारी एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा. रोज काडी खुपसून ओल किती खोल गेली ते बघा. ही चाचणी एप्रिलमध्ये केलेलीच खरी. डिसेंबरात सगळ्यांच्याच खोल्या चांगल्या असतात. चार दिवसांत वरचे पाच सेंटिमीटर कोरडे झाले तर ओल्या जंगलातल्या जाती यादीतून काढा. दुपारी ३५ अंशांच्या वर जाणारी पत्र्याची खोली असेल, तर सगळ्याच जाती काढा आणि आधी खोली बदला.

कागदपत्रं

वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळे साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या प्राण्यांची वेगळी अनुसूची ४ आली आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियमही आले. ब्रॅकिपेल्मा (मेक्सिकन रेड नी आणि तिची भावंडं) आणि पोसिलोथेरिया या दोन्ही प्रजाती साइट्सच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. अशा जिवंत प्राण्याची नोंद केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. पुढे ज्या दक्षिण अमेरिकी जातींची चर्चा आहे त्या या यादीत नाहीत, पण परदेशातून जिवंत प्राणी आणायला परवाना लागतोच. तेव्हा 'पार्सलमध्ये येतो, काही होत नाही' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. घरच्या पैदाशीचं पिल्लू, पैदास करणाऱ्याचं बिल आणि जातीचं पूर्ण शास्त्रीय नाव, एवढं मागा.

आता आपल्याकडच्या कोळ्यांबद्दल. सह्याद्रीत टॅरंटुला आहेत. झाडाच्या ढोलीत राहणारा पोसिलोथेरिया आहे, बिळात राहणारे आहेत. चांदोली, कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात रस्त्यावर फिरणारा नर दिसला म्हणून डब्यात घालून आणू नका. अभयारण्यातून तो उचलणं गुन्हा आहेच, शिवाय तो नर आधीच आयुष्याच्या शेवटच्या काही महिन्यांत असतो. पोसिलोथेरिया सुंदर आहे, पण विजेसारखा पळतो आणि त्याचा चावा साधा नाही: तीव्र वेदना, स्नायूंना पेटके, आणि हे पेटके काही जणांना कित्येक दिवस त्रास देतात. टॅरंटुलाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध नाही. पहिला कोळी म्हणून हा विषय इथेच संपला.

चार उमेदवार

*चाको गोल्डन नी (ग्रामोस्टोला पुल्क्रिपीस).* अर्जेंटिना, पॅराग्वेच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातला. मादी १८ ते २० सेंमी, गुडघ्यांवर सोनेरी पट्टे, स्वभावाने मंद. पाण्याची वाटी भरलेली असेल आणि मातीचा एक कोपरा ओला असेल तर कोरड्या हवेचं त्याला काही वाटत नाही. खोट एकच: वाढतो गोगलगायीच्या गतीने. एक सेंटिमीटरचं पिल्लू आणलंत तर तळहाताएवढा व्हायला पाच-सहा वर्षं धरा. मादी वीस वर्षांच्या पुढे जगते. सांगली शहर, मिरज, तासगाव, विटा, फलटण, दहिवडी इथल्या घरासाठी आमचं मत निःसंशय याला.

*सामन पिंक बर्डईटर (लॅसिओडोरा पाराहायबाना).* ब्राझीलच्या ईशान्येकडचा. २० सेंमी सहज, चांगली मादी २५ पर्यंत. आकार हवाच असेल तर समंजस निवड ही. पोटभर खाणं मिळालं तर तीन वर्षांत १५ सेंमीच्या पुढे जातो, थोड्याफार चुका पोटात घालतो, कोरडी हवा मध्यम प्रमाणात सोसतो. एका अंडकोशातून दोन हजारांपर्यंत पिल्लं निघू शकतात, म्हणून पिल्लू स्वस्त मिळतं. यालाच काही लोक फसतात: स्वस्त म्हणून चार घेतात आणि तीन वर्षांनी चार मोठे डबे कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. चिडला की पोटावरचे खाज आणणारे केस झाडण्यात हा हात आखडता घेत नाही.

*ब्राझिलियन व्हाइट नी (अकँथोस्कुरिया जेनिक्युलाटा).* काळ्या पायांवर पांढरे पट्टे, १८-२० सेंमी. दिसायला चौघांत उठून, बिळात दडी मारून बसत नाही आणि खादाड तर इतका की पाण्याची वाटी बदलायला गेलेल्या चिमट्यावरही झेप घेतो. हात घालायचा नाही, वीस-पंचवीस सेंमी लांब चिमटाच हवा. लॅसिओडोरापेक्षा जरा जास्त ओल लागते. सातारा शहर, वाई, कराड, इस्लामपूर इथे एप्रिल-मे सांभाळला की वर्ष निघतं.

*गोलायथ (थेराफोसा).* यात तीन जाती आहेत: ब्लाँडी, स्टिर्मी, अपोफिसिस. ब्लाँडीच्या गुडघ्यांवर दाट केस असतात, स्टिर्मीचे गुडघे तुलनेने बोडके. बाजारात स्टिर्मी पुष्कळदा ब्लाँडीच्या नावाने खपतो. गिनीजच्या नोंदीतला विक्रमी ब्लाँडी १९६५ साली व्हेनेझुएलात मिळाला, पसारा २८ सेंमी. हे सगळं खरं. पण हा उत्तर दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलातला, बिळात ओल धरून राहणारा प्राणी. माती वर्षभर खोलवर ओली हवी, हवा खेळती हवी आणि पाणी साचता कामा नये. या तीन अटी एकमेकींच्या विरोधात जातात, आणि अडचण तिथेच आहे. झाकण बंद केलं की बुरशी, उघडं ठेवलं की कोरड. त्याचे केसही या चौघांत सर्वांत वाईट. मागे तीनेक वर्षं दुसरा मोठा कोळी जगवलेला असेल आणि एप्रिलमध्ये २८ अंशांच्या आत राहणारी खोली असेल, तरच हात घाला.

'बर्डईटर' नावाने दचकू नका, भाळूही नका. मारिया सिबिला मेरियन हिच्या १७०५ च्या सुरिनाम किटकांवरच्या ग्रंथात हमिंगबर्ड खाणाऱ्या कोळ्याचं चित्र आहे. नावाचा उगम तिथला. रोजच्या जेवणात किडे, गांडुळं, अधूनमधून बेडूक.

नर की मादी, पिल्लू की मोठा

हा मुद्दा लोक शेवटी बघतात. लॅसिओडोराचा नर दोन-तीन वर्षांत वयात येतो आणि त्यानंतर साधारण वर्षभर जगतो. मादी त्याच डब्यात बारा-पंधरा वर्षं असते. आठ-दहा सेंमीचा कोळी घेत असाल तर विकणाऱ्याकडून शेवटची कात मागा. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून ती भिजवायची, पोटाचा भाग अलगद उलगडायचा आणि आतल्या बाजूने वरच्या दोन श्वासफटींच्या मधोमध बघायचं. तिथे छोटी टोपीसारखी घडी असेल तर मादी. सपाट असेल तर बहुधा नर. वयात आलेल्या नराच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यासारखी फुगलेली दिसतात. असा 'पूर्ण वाढलेला, स्वस्तात' कोळी घेऊ नका.

नवख्याने पाच ते आठ सेंमीचा घ्यावा. एक-दीड सेंमीचं पिल्लू दोन दिवस कोरडं राहिलं तरी संपतं. आणायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. मे महिन्यात पुण्याहून डिकीत ठेवून आणलेला कोळी शिरवळ येईपर्यंत शिजतो. छिद्रं पाडलेली प्लास्टिकची डबी, आत दमट टिश्यूची गादी, आणि डबी आपल्या पायाशी, एसीच्या झोतापासून दूर.

घर बांधणं

२० सेंमीच्या कोळ्याला ६० × ४० सेंमी तळ पुरे. उंचीबद्दल मात्र कडक राहा: मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंत २५ सेंमीपेक्षा जास्त अंतर नको. हे जमिनीवरचे जड प्राणी आहेत, तरी रात्री काचेवर चढतात. दीड फुटावरून पडलेल्या मादीचं पोट फुटतं, आणि त्यावर इलाज नसतो. मोठी माशांची टाकी घेतलीच असेल तर मातीचा थर वाढवून अंतर कमी करा.

जाळीचं झाकण घेऊ नका. नखं जाळीत अडकतात, कोळी लोंबकळतो आणि पाय तुटतो. काचवाल्याकडून सरकत्या दारांची पेटी करून घ्या किंवा जाड पारदर्शक स्टोरेज डबा घ्या. समोरासमोरच्या भिंतींना ३-४ मिमीची वीस-पंचवीस छिद्रं, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर. म्हणजे हवा तिरकी वाहते. दाराला कुलूप किंवा भक्कम क्लिप हवीच.

मातीचा थर १५ सेंमी, म्हणजे या तळाला ३६ लिटर. ५ किलोची कोकोपीटची वीट भिजून फुगल्यावर निम्म्याहून थोडी जास्त लागेल. वीट नर्सरीतून घ्या, पण 'खत मिसळलेली' नको. दोन-तीन पाण्यांत धुवून पिळा, क्षार निघून जातात. त्यात चौथा हिस्सा तांबडी माती मिसळली तर बीळ ढासळत नाही. मळ्यातली काळी माती वापरू नका. ती ओली असताना पायांना चिकटते, वाळली की भेगा पडून दगड होते. शिवाय ऊस-द्राक्षांच्या शेतात काय काय फवारलेलं असतं ते सांगायला नको.

ओल तपासायला मूठ वळा. चाकोसाठी गोळा झाला पाहिजे, पण बोट लावताच फुटला पाहिजे. लॅसिओडोरा आणि व्हाइट नीसाठी गोळा टिकावा, हाताला गारवा लागावा, पाणी निघू नये. गोलायथसाठी जोरात दाबल्यावर एक-दोन थेंब. वरून फवारा मारत बसू नका. वरची माती भिजते, खाली कोरडीच राहते, आणि पोटावर पाणी पडल्याने कोळी चिडून केस उडवतो. कोपऱ्यातून खाली नळी घालून आठवड्याला पाव ते अर्धा लिटर पाणी तळाशी सोडा, ओल खालून वर येऊ द्या.

लपायला फुटक्या माठाचा अर्धा भाग उत्तम, फक्त कडा सँडपेपरने घासून घ्या. करवंटी पिल्लापुरती. पाण्याला जड चिनी मातीची वाटी. तिच्यात स्पंज, कापूस, खडे काही घालू नका, घाण साचते. दिवे आणि गरम गाद्या लागत नाहीत. महाबळेश्वरच्या थंडीत खोली १५ अंशांवर गेली तर खोलीच गरम करा. डब्याखाली गादी ठेवली तर गारव्यासाठी खाली खणणारा कोळी उष्णतेकडेच जातो आणि भाजतो.

मे आणि जुलै

उन्हाळ्यात डबा खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला. डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं की दोन-तीन अंश उतरतात. छिद्रं मात्र झाकू नका. कूलर खोलीत चालेल, पण झोत डब्यावर नको.

पावसाळ्यात उलटं. जावळी-पाटणकडे जून ते सप्टेंबर नळीचं पाणी जवळपास बंदच करा, वाटी तेवढी भरलेली ठेवा. पांढरी बुरशी दिसली की चमच्याने काढा. वाटीच्या कडेला साखरेच्या कणांसारखे माइट्स (बारीक जीव) हलताना दिसले तर डब्यात उष्टं राहतंय असं समजा.

खरा मारेकरी वेगळाच आहे: डासांची लिक्विड मशीन, कॉइल, मुंग्या-झुरळांचा खडू, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध, पावसाळ्यानंतर गल्लीत होणारं फॉगिंग. या औषधांतली बहुतेक कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात, आणि कोळी त्यातून सुटत नाही. पाय थरथरतात, चालताना तोल जातो, मग उलटा पडतो. त्या खोलीत मच्छरदाणी लावा, मशीन कायमची बंद. फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद करून डब्यावर चादर टाका.

कृष्णाकाठच्या घरात आणखी एक तयारी लागते. २०१९ चा पूर आठवत असेल तर कारण सांगायला नको. ३६ लिटर मातीचा डबा ऐनवेळी उचलत नाही; झाकणाला छिद्रं पाडलेला दोन-तीन लिटरचा रिकामा डबा आणि मऊ ब्रश डब्याशेजारीच ठेवा. रिकामा डबा कोळ्याच्या तोंडासमोर आडवा धरायचा, मागच्या पायाला ब्रशने हलकेच टेकवायचं, तो आपणहून आत जातो. हाताने उचलायचं नाही, आत्ता नाही आणि एरवीही नाही.

खाणं

मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवसांतून एकदा, त्याच्या पोटाहून लहान भक्ष्य. पाळलेली झुरळं किंवा सुपरवर्म (जाड अळ्या). सुपरवर्मचं डोकं चिमट्याने चेपून टाका, नाहीतर तो मातीत घुसतो आणि पुढे कात टाकणाऱ्या कोळ्याला कुरतडतो. घरातली झुरळं आणि शेतातले नाकतोडे नकोत, औषध त्यांच्या अंगातून येतं. पाल, उंदीर टाकून व्हिडिओ काढण्याचा शौक असेल तर कोळी पाळू नका. पोट पाठीच्या कवचाच्या दीडपट झालं की आठवडा-दोन आठवडे हात आवरा. टम्म फुगलेलं पोट पडल्यावर लवकर फुटतं. उष्टं चोवीस तासांत काढा.

केस

दक्षिण अमेरिकी जाती चावण्याआधी केस उडवतात. मागचा पाय पोटावर भराभर घासतात आणि काही वेळ हवेत काहीच दिसत नाही. मग मनगटाच्या आतल्या बाजूला खाजकुयली लागल्यासारखं होतं. डबा उघडताना चष्मा, पूर्ण बाही आणि हातमोजे घाला. तोंड डब्यावर वाकवू नका. खाज सुटली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, मग गार पाण्याने धुवायचं. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. 'कोळ्याचे केस गेलेत' हे स्वतःहून सांगा, कारण ते बुबुळात रुततात आणि साध्या तपासणीत सुटून जातात.

कात

कोळी खायचा थांबतो, बिळाचं तोंड जाळ्याने बंद करतो, केस झडलेल्या जागी पोटाची कातडी काळी-चकचकीत दिसू लागते. मोठ्या कोळ्याचा हा उपवास महिनोन्‌महिने चालू शकतो. या काळात डब्यात एकही जिवंत किडा नको, आणि माती नेहमीपेक्षा एक पायरी जास्त ओली.

मग एके दिवशी तो पाठीवर उताणा पडलेला दिसतो. मेला म्हणून बाहेर काढणारे लोक इथेच त्याला मारतात. मेलेला किंवा पाण्याअभावी मरायला टेकलेला कोळी पालथा असतो, पाय पोटाखाली मुठीसारखे आवळलेले. उताणा पडलेला कोळी कामात आहे. डब्याला धक्का नको, टॉर्च नको, फवारा नको. मोठ्या मादीला आठ-दहा तास लागले तरी घाबरू नका. आवळलेले पाय दिसले तर मात्र उथळ पाण्याच्या ताटलीत फक्त तोंड बुडेल असा ठेवा. पोटाखालच्या श्वासफटी पाण्याबाहेर राहिल्या पाहिजेत.

कात निघाल्यावर सुळे दुधासारखे पांढरे असतात, मग तांबूस होतात, मग काळे. तोवर झुरळ टाकलं तर झुरळच कोळ्याला चावतं. मोठ्या जातीला दोन आठवडे थांबा, वाटीत पाणी भरलेलं ठेवा आणि सुळे काळेभोर दिसले की पहिलं भक्ष्य टाका, नेहमीच्या निम्म्या आकाराचं.